दोन ऑफर, एक सही: डिसिजन ट्री वापरून कॉन्ट्रॅक्ट कसं निवडायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिसिजन ट्री म्हणजे निर्णयवृक्ष बघितला. आकडेमोड स्क्रीनवर पटापट गेली, म्हणून इथे सगळं सावकाश मांडतोय. वही, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, स्वतः काढावं लागतं.

आमच्या ताथवड्यात माझ्या दुकानावर येणारी पोरं आणि बॅचला बसणाऱ्या ताई एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. "सर, दोन ऑफर आहेत. एक बांधलेली आहे, दुसरी मोठी आहे. कुठली घेऊ?" यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, बांधलेली घे. मित्र म्हणतात, रिस्क घे, नाहीतर धंदा कशाला करतोस! दोघांनीही कॉन्ट्रॅक्टचा कागद वाचलेला नसतो.

डिसिजन ट्री वेगळं काम करतो. "मोठी ऑफर कुठली?" हा प्रश्न बाजूला ठेवून तो विचारतो, "मोठी ऑफर फायद्याची ठरायला तुला किती खात्री हवी, आणि तेवढी खात्री तुझ्याकडे आहे का?" आजचा सगळा धडा या एका प्रश्नाचा आहे.

झाडाचे तीन भाग

बीबीएला हे आम्ही परीक्षेत मार्कांसाठी सोडवायचो. पद्धत जुनी आहे. जॉन मॅगी यांनी १९६४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये यावर लेख लिहिला आणि मॅनेजमेंटच्या लोकांमध्ये ती रुळली.

चौकोन म्हणजे तुमचा निर्णय. इथे कुठली फांदी धरायची ते तुम्ही ठरवता.
गोल म्हणजे नशिबाची किंवा दुसऱ्याच्या हातातली गोष्ट. इथे काय होईल ते तुम्ही ठरवत नाही, फक्त शक्यता लिहिता. एका गोलातून निघणाऱ्या सगळ्या शक्यतांची बेरीज १०० टक्के आली पाहिजे.
फांदीचं टोक म्हणजे शेवटी हातात उरणारी रक्कम.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. राजा हरिश्चंद्र १९१३ साली आला. पुढच्या वर्षी दादासाहेब फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथल्या हेपवर्थ यांनी त्यांचं काम बघून ऑफर दिली. फाळक्यांच्या चरित्रात ती अशी सांगितली जाते: इथे राहून भारतीय चित्रपट करा, सगळा खर्च आमचा, दरमहा ३०० पौंड पगार, वर नफ्यात २० टक्के हिस्सा. फाळक्यांनी नकार दिला आणि ते नाशिकला परतले. त्यांना हा धंदा आपल्या देशात उभा करायचा होता.

आता हे झाडावर मांडा. चौकोनातून दोन फांद्या निघतात: लंडनचं कॉन्ट्रॅक्ट आणि नाशिकचा स्वतःचा कारखाना. लंडनच्या फांदीवर पगार जवळजवळ पक्का, गोल फक्त नफ्याच्या हिश्श्यावर. नाशिकच्या फांदीवर मात्र गोलच गोल. पैसे लावणारे टिकतील का? चित्रपट चालेल का? त्यात त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. भांडवल आटलं, परदेशातून काम मिळण्याची आशाही मावळली. पुढे १९१७ चा लंकादहन तुफान चालला. १९१८ साली भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, आणि मग भागीदारांशी मतभेदही झाले.

यातून दोन गोष्टी आधीच लिहून ठेवा. पहिली, प्रत्येक टोकावर फक्त पैसे नसतात. "माझं स्वतःचं काहीतरी उभं राहावं" हेही टोकावर लिहायची गोष्ट आहे. दुसरी, वाईट निकाल आला म्हणजे निर्णय चुकीचा होता असं नाही. युद्ध फाळक्यांच्या हातात नव्हतं. निर्णय घेताना जी माहिती होती, तिच्यावरच निर्णय तोलायचा असतो.

आता आकड्यांचं झाड

समजा, तुमचं ताथवड्यात स्वयंपाकघर आहे, हाताखाली चार-पाच माणसं आहेत. एका वर्षासाठी दोन ऑफर आल्या. माणसं आणि भांडी तेवढीच, म्हणून एकच घेता येईल.

ऑफर अ: चाकणच्या एका कारखान्याचं कॅन्टीन. सगळा खर्च जाऊन महिन्याला ४०,००० रुपये उरतात. वर्षाचे ४.८ लाख. पण करारात लिहिलंय की एक महिन्याची नोटीस देऊन कंपनी काम बंद करू शकते.

ऑफर ब: ताथवड्यातल्या एका हॉस्टेलची मेस. मालक म्हणतो, "२०० मुलं, माणशी ३,२०० रुपये. महिन्याला ६ लाख ४० हजार!" आकडा ऐकून कुणाचेही डोळे मोठे होतील. पण ही उलाढाल आहे, कमाई नव्हे. झाडाच्या टोकावर उलाढाल लिहायची नाही. किराणा, गॅस, पगार, भाडं आणि तुमचा स्वतःचा पगार वजा करून जे उरेल तेच लिहायचं. शिवाय दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं, म्हणून धंदा १० महिन्यांचाच धरा.

हिशोब करून ब चं चित्र असं निघालं:

२०० मुलं जेवली तर वर्षाला उरतात ९ लाख. शक्यता ४० टक्के.
१४० मुलं जेवली तर उरतात ४ लाख. शक्यता ४० टक्के.
८० मुलंच जेवली तर १ लाख तोटा. शक्यता २० टक्के.

आणि अ चं:

वर्षभर काम चाललं तर ४.८ लाख. शक्यता ९० टक्के.
सहा महिन्यांनी बंद झालं तर २.४ लाख. शक्यता १० टक्के. नंतरच्या सहा महिन्यांत दुसरं काम मिळालं नाही असं धरलंय.

आता उजवीकडून डावीकडे या. प्रत्येक टोकाची रक्कम तिच्या शक्यतेने गुणा आणि बेरीज करा. याला अपेक्षित रक्कम म्हणतात.

अ: (४.८ × ०.९) + (२.४ × ०.१) = ४.३२ + ०.२४ = ४.५६ लाख.
ब: (९ × ०.४) + (४ × ०.४) − (१ × ०.२) = ३.६ + १.६ − ०.२ = ५ लाख.

ब पुढे आहे, ४४ हजारांनी. बहुतेक जण इथेच पेन खाली ठेवतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं.

तुमची खात्री किती हवी?

ते ४० टक्के कुठून आले? अंदाजाने. मग तो अंदाज हलवून बघा. मधली फांदी ४० वरच ठेवा. "२०० मुलं" ची शक्यता ३० करा आणि कमी झालेले १० "८० मुलं" कडे टाका, म्हणजे तिथे ३० झाले.

ब: २.७ + १.६ − ०.३ = ४ लाख. अ जिंकली!

म्हणजे दहा टक्क्यांच्या फरकाने उत्तर उलटलं. आता नेमकी सीमा शोधा. ३५ धरले तर ब येते ४.५ लाख, अ पेक्षा कमी. ३६ धरले तर ४.६ लाख, अ पेक्षा जास्त. सीमा ३६ च्या आसपास आहे.

आता तुमचा प्रश्न बघा कसा बदलला. आधी होता, "कॅन्टीन घेऊ की मेस?" आता झाला, "हॉस्टेल पूर्ण जेवेल याची मला १०० त ३६ पेक्षा जास्त खात्री आहे का?" पहिल्या प्रश्नावर घरात रात्रभर वाद होतो. दुसऱ्याचं उत्तर शोधायला बाहेर पडता येतं.

बाहेर पडून काय विचारायचं?

सगळ्यात आधी मालकाला एक प्रश्न. मेसची फी हॉस्टेलच्या फीमध्येच धरलेली आहे, की मुलांच्या मर्जीवर आहे? फीमध्ये असेल तर २०० ची शक्यता वाढते. मर्जीवर असेल तर बाहेरची खानावळ, टपरीवरचा वडापाव आणि मोबाईलवरून येणारं पार्सल हे सगळे तुमचे स्पर्धक.

मग बाकीची चौकशी. बेड किती आणि गेल्या वर्षी भरले किती? आधीचा मेसवाला का सोडून गेला? त्यालाच जाऊन भेटा. तिथे किराणा आणि गॅस पोचवणाऱ्याला विचारा, महिन्याला किती माल जायचा. रात्री साडेआठला गेटवर उभं राहून पार्सलवाले मोजा, एक दिवस नाही, आठवडाभर. रविवारी वेगळं मोजा.

या चौकशीची किंमतही झाडावरून काढता येते. समजा, कुणीतरी आधीच खरं सांगितलं की किती मुलं जेवणार. २०० असतील तर तुम्ही ब घ्याल, ९ लाख. १४० किंवा ८० असतील तर अ घ्याल, ४.५६ लाख. मग अपेक्षित रक्कम होते (९ × ०.४) + (४.५६ × ०.६), म्हणजे ६.३४ लाखांच्या जवळ. चौकशी न करता ती ५ लाख होती. फरक सुमारे १.३४ लाखांचा.

शंभर टक्के खरी माहिती कुणाकडेच नसते, त्यामुळे तुमच्या चौकशीची किंमत यापेक्षा कमीच असेल. तरीही आठवडाभराचं पेट्रोल आणि चार कप चहा यापुढे काहीच नाहीत. "आजच सही करा, उद्या दुसरी पार्टी येतेय" असं कुणी म्हणालं, तर तो तुमच्याकडून नेमकी हीच रक्कम काढून घेतोय.

सरासरी पोट भरत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ब ची अपेक्षित रक्कम ५ लाख आहे, पण ५ लाख कुठल्याच फांदीवर लिहिलेले नाहीत! हातात ९ येतील, ४ येतील किंवा १ लाख जातील. सरासरी खरी ठरते ती तोच खेळ पुष्कळ वेळा खेळणाऱ्याला. दहा हॉस्टेलच्या मेस चालवणाऱ्या मोठ्या केटररला एक बुडाली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. तुमच्याकडे एकच आहे.

म्हणून प्रत्येक झाडावर सर्वात वाईट टोकाला लाल पेनने गोल करा आणि स्वतःला विचारा: हे झालं तर मी उभा राहीन का? गल्ल्यात किती महिन्यांचा खर्च आहे? लोनचा हप्ता कोण भरेल? बायकोचं सोनं ठेवावं लागेल का? ज्याच्याकडे ३ लाख शिल्लक आहेत त्याला १ लाखाचा तोटा झोंबेल, पण तो पुढच्या वर्षी परत उभा राहील. ज्याच्याकडे ४० हजार आहेत त्याचं स्वयंपाकघरच बंद होईल. झाड दोघांचं सारखंच आहे, पण उत्तर वेगळं येऊ शकतं. कमी शिल्लक असलेल्याने अ घेतली तर तो भित्रा ठरत नाही. त्याने हिशोब पूर्ण केला.

तिसरी फांदी मागून घ्या

ऑफर दोन आल्या म्हणून झाडाला दोनच फांद्या असाव्यात असा नियम नाही. मालकाकडे जा आणि मिनिमम गॅरंटी मागा. म्हणा, "मी माणशी ५० रुपये कमी करतो, ३,१५० घेतो. पण १२० पेक्षा कमी मुलं जेवली, तर प्रत्येक रिकाम्या ताटामागे महिन्याला ७५० रुपये तुम्ही द्यायचे."

आता मोजा, १० महिन्यांचं.

२०० मुलं: सूट गेली १ लाख, उरले ८ लाख.
१४० मुलं: सूट गेली ७० हजार, उरले ३.३ लाख.
८० मुलं: १ लाख तोटा, ४० हजार सूट, पण ४० रिकाम्या ताटांचे मिळाले ३ लाख. उरले १.६ लाख.

अपेक्षित रक्कम: ३.२ + १.३२ + ०.३२ = ४.८४ लाख.

साध्या ब पेक्षा १६ हजार कमी, अ पेक्षा २८ हजार जास्त, आणि तोट्याची फांदी झाडावरून गेली. ते १६ हजार म्हणजे तुम्ही भरलेला विम्याचा हप्ता समजा.

यात एक गंमत आहे. मालकाला हॉस्टेल भरण्याची खरंच खात्री असेल, तर ही अट त्याला जड जायला नको, उलट सूट मिळते म्हणून तो खूशच होईल. तो तडक नाही म्हणाला तर का म्हणतोय ते विचारा, आणि तुमचे ४० टक्के पुन्हा तपासा. एका मागणीतून तुम्हाला गॅरंटी तरी मिळते, नाहीतर माहिती तरी.

मोठी माणसंही हेच करतात. सचिन तेंडुलकरने १९९५ साली मार्क मस्करेन्हस यांच्या वर्ल्डटेल कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ३० कोटी असल्याचं तेव्हा गाजलं होतं. जाहिराती किती मिळतील, केवढ्याला मिळतील, ही चिंता कंपनीने स्वतःकडे घेतली, आणि ठरलेल्या रकमेच्या वर होणाऱ्या कमाईची संधीही तिच्याकडे गेली. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये जोखीम कुणाच्या तरी अंगावर असतेच. सही करण्याआधी ती कुणाच्या अंगावर आहे ते बघा.

करारातल्या बारीक अक्षरांच्या फांद्या

पेमेंट. पैसे मिळणं आणि वेळेवर मिळणं या दोन वेगळ्या फांद्या आहेत. कारखान्याने तीन महिने बिल थकवलं तर किराणावाला थांबेल का? तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमामुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. नोंदणी नसेल तर आधी ती करा, फी लागत नाही.

बाहेर पडण्याची किंमत. धंदा की नोकरी, किंवा दोन नोकऱ्या, असं झाड काढणाऱ्यांनी बाँडची फांदी विसरू नये. विजया बँकेच्या नेमणुकीत अट होती: तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर २ लाख रुपये भरा. एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये मुदतीआधी दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, पैसे भरले आणि अटीविरुद्ध कोर्टात गेला. हायकोर्टात तो जिंकला, पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट वैध ठरवली. म्हणजे बाँडवर सही करताना "कोर्टात टिकणार नाही" असं गृहीत धरू नका. "दीड वर्षाने सोडलं तर वजा २ लाख" अशी फांदी काढा आणि मग बेरीज करा.

डिपॉझिट आणि नोटीस. डिपॉझिट कधी आणि कुठल्या अटीवर परत मिळणार? नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का? कंपनीला एक महिना आणि तुम्हाला तीन महिने असेल, तर वाईट टोक आणखी खाली जातं.

गृहपाठ

हा लेख वाचून झाल्यावर तुमच्या हातातल्या खऱ्या दोन ऑफर घ्या. ऑफर नसतील तर "आहे तीच नोकरी की स्वतःचं दुकान" हे झाड काढा.

१. चौकोन काढा आणि फांद्या लिहा. "दोन्ही नको" हीसुद्धा फांदी आहे.
२. प्रत्येक फांदीवर गोल काढा. चांगलं, मध्यम, वाईट अशा तीन शक्यता पुरतात.
३. टोकावर उलाढाल नाही, हातात उरणारी रक्कम लिहा.
४. गुणा, बेरीज करा.
५. सगळ्यात कमी खात्रीचा आकडा हलवा आणि उत्तर कुठे उलटतं ती सीमा शोधा.
६. वाईट टोकाला लाल गोल करा आणि शेजारी तुमची शिल्लक लिहा.
७. तिसरी फांदी कुठली मागता येईल ते एका वाक्यात लिहा.

शक्यता लिहिताना स्वतःच्या आशेला टक्केवारी देऊ नका. त्याच धंद्यातल्या दोन माणसांना तोच प्रश्न विचारा आणि तिघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. फार फरक असेल तर तुमचं झाड अजून पिकलेलं नाही, चौकशी वाढवा.

झाड तयार झालं की तारीख टाकून फाईलला लावा. वर्षाने काढून बघा, तुमचे टक्के कुठे बरोबर आले आणि कुठे हुकले. पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळी तुमचा अंदाज आजच्यापेक्षा चांगला असेल, आणि समोरची पार्टी आकडे फेकायला लागली की तुम्ही एवढंच विचाराल: "हे उलाढालीचे सांगताय की उरण्याचे?"

पुढच्या भागात करारातली नोटीस आणि डिपॉझिटची कलमं एकेक करून वाचू. तोपर्यंत सही थांबवा, झाड काढा.